मागच्या गेटचं कुलूप

देव्हाऱ्याखाली नवसाचे नारळ साठतात ना, तसे शाळेचे किस्से माझ्याकडे साठलेत. फोडायला मुहूर्त लागतो, एवढंच!

माझी लेक धुळ्यात, देवपूरच्या शाळेत पाचवीला आहे. शाळा पांझरेला अगदी खेटून. पुढचं गेट नदीकडे, मागचं उंच रस्त्याकडे. पाणी चढलं तर पोरांनी मागून निघायचं. आणि मागच्या गेटला बारमाही कुलूप! म्हणून आपत्ती व्यवस्थापन समितीत पालक प्रतिनिधी व्हायला मी एका पायावर तयार झाले.

पहिल्याच बैठकीत कुलपाचं विचारलं. मुख्याध्यापक म्हणाले, "ताई, गेट उघडं ठेवलं की पोरं पळून जातात."

"सर, पुरात पळूनच जायचं असतं ना?"

"चांगला मुद्दा आहे," म्हणाले आणि चहा मागवला.

*

भूकंपाचा सराव होता. पाहुणे पाचोऱ्याहून यायचे, त्यांची गाडी लेट. सरांनी माईकवर जाहीर केलं, "पाहुणे येईपर्यंत कोणीही भूकंप सुरू करू नये!"

पाहुणे आले, घंटा झाली, पोरं बाकांखाली शिरली. मग स्वागत, सत्कार, मनोगत, आभार. पोरं बाकांखालीच!

लेक घरी येऊन म्हणाली, "आई, भूकंपाचं काही नाही गं, भाषणं फार झाली."

*

आग विझवायच्या लाल सिलिंडरची शाळेत दसऱ्याला पूजा होते. हळदकुंकू मीच वाहिलं. म्हटलं, "सर, हे चालवतात कसं?"

"अहो, हात लावू नका! तपासणीला दाखवायचंय."

एवढं सोवळं तर मी देवाचंही पाळत नाही.

*

मग पुराचा सराव. कुलूप तसंच. सर म्हणाले, "गेट उघडं आहे असं समजा."

पोरं बिचारी गुणी. कुलपासमोर रांग करून उभी राहिली आणि समजली. सरांनी पाठ थोपटली, "शाब्बास! एकही मूल बुडालं नाही."

मी नदीकडे पाहून हात जोडले. म्हटलं, माय, तूही जरा समजून घे.

*

शेवटी देवापुढे संकल्प सोडला. गेट उघडेपर्यंत दर सोमवारी निर्जळी उपास. आमच्या भजनी मंडळात सरांच्या मिसेस आहेत, सगळ्यांच्या अक्का. त्यांच्या कानावर गेलं.

पुढच्याच सोमवारी अक्का दारात हजर. हातात फोडलेलं कुलूप!

"घे बाई, आते पानी पी. किल्ली कोठे शे ते कोनलेच माहीत नई. मी त्यासले सांगं, कुलूप फोडा, नई ते आजपाईन मी बी उपास धरस. मंग भाकरी कोन थापी?"

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला मी मुद्दाम गेले. मागचं गेट सताड उघडं, आणि सर पोरांना सांगत होते, "मुलांनो, संकट येणार हे आधीच ओळखावं आणि लगेच हालचाल करावी. काल मी स्वतः तेच केलं!"