सेमिसीचं पथ्य

आमच्या टोंगा बेटांवर पाहुण्यापुढे डब्यातलं बीफ ठेवलं नाही तर पाहुणा दुखावतो. अळकुड्या, निरफणस, मासे हे घरच्यांनी खायचं, तेही दार लोटून. माझा शेजारी सेमिसी गावच्या चर्चचा कारभारी. त्याच्याकडे तर रोज डबा फुटायचा. ऑकलंडची लेक, लावेनिया, खोकी भरभरून पाठवायची.

मग त्याच्या पायाची जखम भरेना. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी साखर तपासली आणि म्हणाल्या, "काका, डबे बंद. शेतात उगवतं आणि समुद्रात पोहतं, तेवढंच खायचं."

"म्हणजे डुकरांना घालतो ते?"

"डुकरांचे पाय बरे आहेत ना?"

सेमिसी मुळात भित्रा, त्याने ऐकलं. उकडलेला निरफणस, भाजलेला मासा, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं. आठवड्याभरात गावभर झालं, सेमिसी बुडाला, लेकीने हात आखडता घेतला. बायका त्याच्या बायकोकडे, सेइनीकडे, लपवून डबे आणून देऊ लागल्या. "असू दे गं, कुणाला सांगू नकोस." पाद्रीबुवांनी प्रार्थनेत 'संकटात सापडलेल्या एका कुटुंबा'साठी देवाला साकडं घातलं, तेव्हा सगळं चर्च मान वळवून सेमिसीकडे बघत होतं.

दुखणं त्याने सोसलं, ही दया त्याला सोसेना. त्याने लावेनियाकडून ऑकलंडच्या एका दुकानाचा फोटो मागवला. काचेच्या कपाटात अळकुड्या, त्यावर 'नैसर्गिक, प्रक्रिया न केलेले' अशी पाटी, आणि किंमत अशी की बीफच्या डब्याने तोंड लपवावं. फोटो घेऊन तो घरोघर हिंडला.

"तिकडे हे फक्त श्रीमंतच खातात," तो म्हणायचा. "मी रोज खातो."

"रोज?" मी विचारलं.

"सकाळ-संध्याकाळ."

पुढच्या रविवारी पाद्रीबुवा त्याच्याकडेच जेवले आणि अळकुडी मागून घेतली. मग लोक अंगणात, रस्त्यावरून दिसेल असं बसून मासे खाऊ लागले. डॉक्टरीणबाईंना वाटलं, आपल्या भाषणांचा गुण आला.

तेवढ्यात अळकुड्या परदेशी पाठवणारा व्यापारी गावात आला. त्याने भाव सांगितल्यावर इतका महाग माल घरी कोण शिजवणार? सगळ्यांनी शेतं उपसली आणि आलेल्या पैशांचे डबे घेतले.

सेमिसीने मात्र एकही कंद विकला नाही. जखम भरली, तो पुन्हा शेतात जाऊ लागला. मी त्याला समजावलं, "अरे, एवढी संपत्ती पोटात घालतोस?"

"बस, जेवून जा," तो म्हणाला.

मला वेळ नव्हता. व्यापाऱ्याची गाडी निघायची होती.