हिरवी रेघ

कारखान्यात पाठीमागे तिला सगळे ‘करवत’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं सोयरसुतक नव्हतं. कार्बनच्या तंतूंचे पातळ काळे थर एकावर एक रचून पाट्या बनवायचं काम ती सतरा वर्षं करत होती. यंत्राच्या पोटातली उष्णता ओढून बाहेर टाकणाऱ्या या पाट्या. एवढ्यातेवढ्या चुकीने त्यांची माती होते.

प्रत्येक थराच्या पाठीला प्लास्टिकची फिल्म असते. ती सोलायची, मगच थर बसवायचा. एखादी आत राहिली की उष्णता तिथेच अडते, आणि भट्टीतून निघालेली पाटी दिसायला मात्र झकास. म्हणून करवत सोललेली प्रत्येक फिल्म समोरच्या भिंतीला चिकटवायची. वीस थर, वीस फिल्म. मोजल्याशिवाय पाटी भट्टीत जायची नाही.

दीर सुपरवायझर झाला आणि पहिल्याच आठवड्यात त्याने ती भिंत साफ करून घेतली. पाहुणे येतात, उकिरडा दिसतो, म्हणाला. याच दिराला तिने मालकाच्या हातापाया पडून नोकरीला चिकटवलं होतं, फिल्म नखाने कशी उचलायची ते शिकवलं होतं. शिकाऊ असताना त्याने एक फिल्म आत ठेवली, तेव्हा चूक माझी म्हणून हिनेच बोलणी खाल्ली. आता त्याला चारचौघांत वहिनी म्हणायचीही लाज वाटायची. त्याला पाहिलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मंगळवारी माल पाठवायची घाई होती. ती जेवायला गेली तेवढ्यात सुपरवायझर साहेबांनी स्वतःच नवा रोल उघडला, उरलेले चार थर रचले आणि पाटी भट्टीत सारली. सकाळपासून तिने वापरलेल्या रोलची फिल्म पिवळी होती. या नव्याची हिरवी.

दुसऱ्या दिवशी पाटी खालून तापवली तर वरची बाजू ढिम्म तापेना. सगळ्यांच्या देखत त्याने सांगितलं, हिचा हात गेला, उद्यापासून हिने पॅकिंगला बसायचं. पॅकिंग म्हणजे दिवसभर खोकी चिकटवणं. थर रचायच्या त्या टेबलाखेरीज जगात तिचं स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतं.

“कापा ती पाटी,” ती म्हणाली.

चारचौघांत ठपका ठेवल्यावर त्याला नाही म्हणता येईना. पाटी कापली. काळ्या कडेत, वरून चौथ्या थराखाली, केसाएवढी हिरवी रेघ होती. तो जवळ सरकला, आवाज एकदम मऊ झाला.

“वहिनी, आपण घरचीच माणसं. मागच्या वेळेसारखं एवढं सांभाळून घ्या.”

“तेव्हा तुम्ही शिकाऊ होतात, भावजी.”

घरी सासूबाई काय काय ऐकवतील आणि नवरा कसा भिंतीकडे बघत बसेल, ते तिला पाठ होतं. तिने कापलेला तुकडा उचलला आणि मालकाच्या खोलीचं दार न वाजवताच उघडलं.