दुहेरी तगर

गुरुलिंगअप्पांच्या घरी चहा हमखास मिळायचा, पण त्याआधी हातपाय धुवावे लागत, आणि तेही अप्पा दाखवतील त्या झाडाच्या बुडाशी. पाहुणा दारात आला की त्याला दंडाला धरून अप्पा अंगणात न्यायचे आणि हातात तांब्या द्यायचे. "हिथं धुवा. तिकडं न्हाई, ते कालच प्यालंय."

लातूर नुकतंच नव्या जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. माझ्या नवऱ्याला नव्या कचेरीत कारकुनाची नोकरी लागली आणि लग्न होऊन मी कंधारहून थेट अप्पांच्या दोन खोल्यांत भाडेकरू म्हणून आले. सत्तरी ओलांडलेले अप्पा किराणा दुकान मुलाच्या हवाली करून दिवसभर बागेत असायचे. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि धोतराला कायम चिखल. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "माय, तुझ्या न्हाणीचं पाणी मोगऱ्याला. साबण लावू नको, त्याला सोसत न्हाई." मला काय सोसतं ते कुणी विचारलं नाही.

एकदा नवऱ्याचे साहेब जीपमधून आले. दोन मिनिटांत ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून गुलाबापाशी उभे, आणि अप्पा सांगतायत, "डावा पाय जरा पुढं घ्या साहेब, आळ्यात पडू द्या." माझा नवरा तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून उभा होता. जीप गेल्यावर अप्पा खुशीत म्हणाले, "नवा जिल्हा झाला ते लई बेस झालं. एकेका साहेबानं एकेक झाड धरलं तर काळजीच न्हाई."

अप्पांचा एक नेम होता. सकाळी अंघोळ करून लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि त्यावर स्वतः वाढवलेल्या झाडाचं, कुणीही न हुंगलेलं फूल वाहायचं. तोवर पोटात घास नाही, चहासुद्धा नाही. पूजा झाली की तेच फूल उचलून ते डोळे मिटून कितीतरी वेळ हुंगत बसायचे. ते बहुतेकदा तगरीचं असायचं. मी एकदा विचारलंच, "अप्पा, तगरीला दिवसा कसला वास?"

"देवानं आधी घेतला न्हवं? उरला त्यवढा हुडकायलोय."

मग दुष्काळ पडला. गल्लीत चार दिवसांनी टँकर यायचा आणि हात धुवायला पाहुणाही फिरकेना. आधी गुलाब गेला, मग माझा मोगरा. त्याच्यापुढे अप्पा हात जोडून "माफ कर रे" म्हणाले तेव्हा मला हसू आलं नाही. उरली ती कोपऱ्यातली एक तगर. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी तिलाच जायचं.

ऐन वैशाखात एका सकाळी तिच्यावर एकही फूल नव्हतं. अप्पा म्हणाले, "उद्या उमलंल. उद्या जेवतो." त्यांची सून पार्वती विनवण्या करून थकली. बाजारातून फुलं आणते म्हणाली, नुसता बेल वाहा म्हणाली. "पन्नास वर्सं ज्याला घरचं दिलं त्याला आता इकतचं देऊ?" एवढंच उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशीही फूल नाही. संध्याकाळी ओट्यावरून उठताना अप्पांना घेरी आली आणि पार्वती रडायलाच लागली.

मला भीती वाटली. तशीच उठून मी बाजारातून तगरीचा गजरा आणला, त्यातलं एक फूल सोडवलं, ओल्या फडक्यात ठेवलं आणि उजाडता उजाडता पांढऱ्या दोऱ्यानं झाडाला बांधून टाकलं. अप्पा परडी घेऊन आले. मी खिडकीआडून बघत होते, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की झाड एकेरी तगरीचं, पाच पाकळ्यांचं, आणि मी बांधलेलं फूल चांगलं भरगच्च, दुहेरी! अप्पा बराच वेळ फुलाकडे बघत राहिले. मग त्यांनी सावकाश गाठ सोडली आणि फूल परडीत ठेवलं. पूजेनंतर दोन भाकरी खाऊन त्यांनी पार्वतीकडे तिसरी मागितली. दोन दिवसांनी तगर खरोखरच फुलली.

पुढे पाऊस झाला, नवा मोगरा आला. काही वर्षांनी नवऱ्याची नायगावला बदली झाली. निघताना अप्पांनी ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या तगरीच्या तीन काड्या माझ्या हातात दिल्या. वर पांढरा दोरा बांधलेला. तो मी लगेच ओळखला.

"अप्पा, तुम्हाला कळलं होतं?"

"एकेरी झाडाला दुहेरी फूल आल्यालं जन्मात एकदाच बघितलं, माय."

"मग वाहिलंत कसं?"

पार्वती जवळपास नाही ना, हे त्यांनी आधी बघून घेतलं. "भूक लई लागल्ती," म्हणाले आणि पोट धरून हसले. मग हळूच म्हणाले, "आन् तू भल्या पहाटं उठून गाठ मारलीस. देवाला दिसलं न्हाई व्हय?" मी वाकून नमस्कार केला आणि तिथंच रडले.

नायगावला तीनपैकी एक काडी जगली. येणाऱ्याजाणाऱ्याला मी तिच्या बुडाशी हात धुवायला लावते. लोक हसतात, पण धुतात. पुढच्या उन्हाळ्यात पार्वतीचं पत्र आलं, अप्पा गेले. त्याच आठवड्यात तगरीला पहिलं फूल आलं. एकेरी. मी ते न हुंगता तोडलं, देवाला वाहिलं, मग उचललं आणि डोळे मिटून उरलेला वास कितीतरी वेळ हुडकत राहिले.