शड्डूबंदीचे दहा दिवस

शिवाजी पेठेतल्या गणपतराव वस्तादांनी चाळीस वर्षं तालमीत पोरं घडवली. कुणाचा गुडघा सुजो की खांदा निखळो, ‘बैठका मार, जातंय’ हा त्यांचा दवाखाना. तालमीतल्या केसरी नावाच्या कुत्र्याचं एक वृषण पोटातून खाली उतरलं नाही, तेव्हाही त्यांनी खुराक वाढवला. बदाम घातलेलं दूध, वर तेलाची मालीश. पाच वर्षांत केसरी रेडकाएवढा झाला. कुणी शड्डू ठोकला की पहिली उडी त्याचीच. वृषण मात्र जागचं हललं नाही. पेठेत कुणी विचारलं की वस्ताद म्हणत, ‘यील की.’

यंदा केसरीचे केस गळायला लागले, तेव्हा वस्तादांनी त्याला जनावरांच्या डॉक्टर रूपालीताईंकडे नेलं. सोनोग्राफीत पोटातलं वृषण सुजलेलं दिसलं. कॅन्सरची शंका होती. ताईंनी समजावलं, की पोट फाडायचं नाही; दोन-तीन बारीक छिद्रांतून दुर्बीण घालून ते काढता येईल. हा दोष पिल्लांतही उतरतो, म्हणून दुसरंही काढायचं.

वस्तादांनी दबक्या आवाजात विचारलं, “माझ्या खुराकानं वाढलं का?”

“खुराकानं नुसता केसरी वाढला,” ताई म्हणाल्या. “पहिल्या सहा महिन्यांत उतरलं नाही, तेव्हाच आणायला हवं होतं.”

तालमीत बातमी फुटली. वस्तादांचा जुना जोडीदार उदयसिंह म्हणाला, “तालमीचं कुत्रं खच्ची करून आणणार व्हय? पेठ हसंल.”

“हसू दे. पाच वर्सं मी चुकलो. त्यापायी त्यानं का मरायचं?”

ऑपरेशन झालं. केसरी गळ्यात प्लॅस्टिकचा भोंगा घालून तालमीत परत आला. दहा दिवस उडी मारायची नाही, असं ताईंनी बजावलं होतं. आयुष्यात कुणाला एक दिवस विश्रांती न दिलेल्या वस्तादांनी कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या दारात खाट टाकली आणि फर्मान काढलं: तालमीत शड्डू बंद. पैलवान मुकाट्यानं कुस्त्या खेळले. सहाव्या दिवशी सवयीनं उदयसिंहाचा हात मांडीकडे निघाला. वस्तादांनी नुसतं बघितलं. हात डोकं खाजवायला गेला.

दहाव्या दिवशी तपासणीचा अहवाल आला. गाठ कॅन्सरचीच होती, पण सगळी निघाली होती, कुठं पसरली नव्हती. ताईंनी जखमा बघून भोंगा काढला.

अकराव्या सकाळी सत्तरीतले वस्ताद लांग कसून हौद्यात उतरले आणि त्यांनी स्वतः शड्डू ठोकला. केसरीची उडी थेट छातीवर आली. वस्ताद चीतपट झाले आणि पडल्यापडल्याच म्हणाले, “उदयसिंह, पेठेला बोलव की आता हसायला.”