ढलप्यांतून गाळलेले तेल

"त्या दिवशी यांच्या भुशाच्या तेलानं इंजिन बसलं. मी टेम्पोतलं डिझेल काढून दिलं, म्हणून कांदा वाचला."

पेठेतले फरसाणवाले शेठ ही हकीकत अजून गिऱ्हाइकांना ऐकवतात. तळणाचे वापरलेले तेल मी त्यांच्याच दुकानातून आणत असे, त्यामुळे लोकांना ती खरी वाटते. मला ती मान्य नाही.

भुसा मी कधीच वापरला नाही. मी वापरत असे त्या सुताराच्या रंध्याखालून निघणाऱ्या कुरळ्या ढलप्या. तळणाच्या तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा मिसळला की ग्लिसरीन तळाशी बसते आणि वर इंजिनाला चालणारे तेल उरते. त्यात मात्र साबण राहतो आणि तोच इंजिनाचा घात करतो. पाण्याने धुवायला जावे तर सगळ्याचे ताक होई. म्हणून उभ्या पाइपात ढलप्या ठासून भरायच्या आणि तेल त्यांतून थेंबाथेंबाने उतरवायचे. साबण लाकडाला धरतो. अट एवढीच, की लाकूड कोरडे हवे.

त्या उन्हाळ्यात ऐन कांद्याच्या शेवटच्या पाण्याला विजेची डीपी जळाली. थोरल्या भावाने अडगळीतले जुने इंजिन विहिरीवर नेले, तर पेट्रोल पंपावर डिझेलचा टँकर आलेला नव्हता. माझ्या उद्योगाला वर्षभर हसलेला माझा भाऊ दारात येऊन उभा राहिला.

"दे तुझं तेल. पण वाफं वाळलं, तर माझ्या बांधावर पाय ठिवायचा नाय."

कॅन त्याच्या हाती देऊन मी नव्या ढलप्या आणायला सुताराकडे गेलो. त्याची बायको ढिगावर पाणी शिंपडून झाडत होती. मी जागीच थिजलो.

"वहिनी, रोज पाणी मारता?"

"मग? बिनपाण्याची झाडू का, भाऊ? समदी धूळ नाकात!"

आदल्या सगळ्या ढलप्या याच ढिगातल्या होत्या. पत्र्यावर दोन दिवस वाळवल्या होत्या खऱ्या, पण आतून वाळल्या असतील का? ओल राहिली असेल, तर साबण सरळ तेलात उतरला असणार. घरी येऊन उरलेले तेल बाटलीत घेतले, तेवढेच पाणी घालून हलवले आणि उन्हात ठेवले. दुधाळ झाले असते तर मी धावतच विहिरीवर गेलो असतो. पाणी खाली नितळ बसले. पुन्हा हलवले, पुन्हा नितळ. मग मी विहिरीवर गेलो.

दुपारी इंजिन धापा टाकून बंद पडले. वाफ्यात दारे धरणारी भावजय खोरे टेकून माझ्याकडे पाहत राहिली. नेमके तेव्हाच शेठ टेम्पो घेऊन रस्त्याने चालले होते. ते उतरले, हसले, "राव, भजी तळा यात!" म्हणाले, डिझेलचा डबा बांधावर ठेवून निघून गेले. त्यांनी पाहिले ते एवढेच.

मी फिल्टर उघडला. आत ढलपीचा कण नव्हता, साबणाची पांढरी साय नव्हती. डांबरासारखा काळा गाळ होता. जुन्या टाकीच्या तळाशी डिझेलचा वर्षानुवर्षांचा थर होता आणि माझ्या तेलाने तो सोडवून पुढे ढकलला होता. टाकी मी आधी धुवायला हवी होती. ही चूक माझी, आणि ती मी कधी लपवलेली नाही. पण दोष तेलाचा नव्हता, ढलप्यांचाही नव्हता. टाकी उपसली, फिल्टर धुतला, कॅनमधले तेल पुन्हा ओतले आणि भावाने हँडल मारले.

शेठ म्हणतात, पुढे इंजिन त्यांच्या डिझेलवर चालले. चार वाजता, शेवटच्या वाफ्यात पाणी शिरत असताना, इंजिनाचा धूर जात होता त्या बाजूच्या शेतात खुरपणाऱ्या बाईने ओरडून विचारले होते, "ओ दादा, भजी कुणाकडं तळत्यात? लई वास सुटलाय!"