लेफ्ट बॅकची बायको

टीम आमच्या ओसरीवर बसते, म्हणून किस्सेही आमच्याच घरी साठतात. झाडून काढावेत तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच! बबनला पाजता पाजता जे कानावर पडतं, ते कुणाला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. चैन तसं मला एरवीही नसतं.

त्याचं कारण आधी सांगते. चांद्याजवळची आमची कोळशाची खाण फुटबॉलसाठी माणसं पगारावर ठेवते. जो टीमच्या अकरांत, त्याला जमिनीवरची ड्युटी. जो अकरांतून बाहेर, तो दुसऱ्या दिवसापासून खाली खाणीत. आमचे हे लेफ्ट बॅक, म्हणून वर लॅम्परूममध्ये दिवे वाटतात. मागे एकदा खाली छत कोसळलं, तेव्हापासून अवेळी भोंगा वाजला की मी बबनला कडेवर घेऊन दारात धावते. ओसरीवर कुणी नुसतं "बॅक" म्हटलं, की माझा भात करपलाच!

*

दत्तूभाऊ आमचे कप्तान. त्यांना तोंडानं टीम समजावता येत नाही. माझी भाजीची टोपली ओढतात आणि मांडतात. पुढे पाच कांदे, मध्ये तीन वांगी, मागे दोन बटाटे, गोलात लसणाचा गड्डा. एका संध्याकाळी मी घाईत कडेचा एक बटाटा उचलला आणि विळीवर धरला.

"वैनी, थांबा! लेफ्ट बॅक कापला तुमी!"

पाहते तर दोन फोडी! मला रडूच कोसळलं.

सासूबाई आतून म्हणाल्या, "काऊन रडतेस वं? एकाचे दोन झाले, दोघायले खेळवा म्हणा!"

*

आमचे गडी अनवाणी खेळतात. खाणीची मोजणी करणारे बंगाली सर्वेबाबू टीमचे मॅनेजर. त्यांनी हौसेनं कलकत्त्याहून बूट आणले, ते एकच जोडी! कुणाला द्यावे? अंधार पडेतो भांडण. शेवटी दत्तूभाऊंनी न्याय केला. उजव्या कडेनं धावणाऱ्याला उजवा बूट, डाव्या कडेनं धावणाऱ्याला डावा.

मॅचला दोघंही एका पायात बूट घालून धावले. हाफटाइम झाला, टीमनं बाजू बदलली. दत्तूभाऊ लगेच ओरडले, "बाजू बदलली, आता बूटबी बदला!"

त्यांनी खरंच बदलले. सर्वेबाबू डोकं धरून खाली बसले. "कप्तान, बाजू बदला है, आदमी का पैर नहीं बदला!"

*

लेफ्ट इनला खेळणारा मासूभाऊ जंगलातल्या गावचा. मोहाची फुलं पडायला लागली की तो वेचायला गावी जातो, मग त्याच्या जागी कुणाला घ्यावं यावर आमची ओसरी पेटते. यंदा नेमकी तेव्हाच मोठी मॅच. सर्वेबाबू स्वतःच सायकल हाणत त्याला आणायला गेले.

मासूभाऊ म्हणाला, "येतो न बाबू. पण ढोरं मोह खाऊन टाकतेत. मी वापस येईलोक तुमी माया झाडाखाली बसा."

आणि सर्वेबाबू बसले! इकडे मॅनेजरशिवाय आम्ही मॅच जिंकलो. दुसऱ्या दिवशी बाबू आले, तर धोतराला मोहाचा वास आणि हातात ढोरं हाकलायची काठी.

दत्तूभाऊ म्हणाले, "बाबूची हेच पोझिशन पक्की करून टाका!"

*

आमच्यात एक पद्धत आहे. ज्याच्या जागेचा वाद, त्यानं उठून बाहेर कडुलिंबाखाली जायचं. तोंडावर खरं कोण बोलतो? परवा सर्वेबाबू हळूच म्हणाले, "लेफ्ट बॅक." हे उठले. गुडघा कटकन वाजला. सगळ्यांनी ऐकला.

"सिरोंच्याकडचा नवा गडी पोचन्ना लय धावते," दत्तूभाऊ म्हणाले. "जागा त्यालेच द्या लागन. मलेबी वाईट वाटून राह्यलं, पण गुडघा पाहा न."

मग दुसरा वाद निघाला. आमचा गोली नागपूरच्या गिरणीत गेला होता, तर आता गोलात कोण? नाव निघे, नाव पडे. मी चहा घेऊन दाराआड उभी. बाहेर हे पाठमोरे उभे. कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं,

"भाऊ, ह्यायलेच गोलात ठेवा न."

सासूबाईंनी डोळे वटारले.

"वैनी, गोलात झेप घ्या लागते," दत्तूभाऊ म्हणाले. "तुमाले काय माहीत?"

"बबन रांगते आता. रोज या ओसरीवरून खाली पडते. हे घरी असले का, कुठीबी बसले असू द्या, पोरगं अजून एकडाव जमिनीले लागलं नाई."

सर्वेबाबूंनी ओसरीची उंची पाहिली. मग बबनला पाहिलं.

दत्तूभाऊ उठले आणि कडुलिंबाकडे तोंड करून ओरडले, "ए गोली! चहा थंडा होऊन राह्यला, ये आत!"