नऊ वाजून अकरा मिनिटांचा फोन

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आमच्या बीडच्या वर्तमानपत्र कार्यालयातला सर्व्हर बंद पडला. ज्याच्या हातून तो बंद पडला, त्याने नऊ वाजून अकरा मिनिटांनी संपादकांना स्वतः फोन केला.

"कोण गेलं?" संपादकांनी झोपेतच विचारलं.

"कोणी न्हाई, सर. सर्व्हर बंद हाय. मी चुकीची वायर उपटली. तासाच्या आत चालू करतो."

"मग चालू झाल्यावर सांगायचं ना बे!"

"तवा सांगितलं तर लपवल्यासारखं होतं, सर."

वर्तमानपत्राच्या कार्यालयात त्या वेळी झाडणाऱ्या मावशी आणि एखादा माझ्यासारखा लवकर येणारा बातमीदार, एवढीच माणसं असतात. संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. सर्व्हर पन्नास मिनिटांत सुरू झाला. मग त्याने एक लांबट वही काढली. वेळ, काय झालं, कोणामुळे, काय केलं, असे रकाने त्याने स्वतः आखले होते. तिसऱ्या रकान्यात त्याने स्वतःचं नाव लिहिलं आणि सही केली.

"फौजी, तू स्वतःच्याच विरोधात साक्ष देतो का बे?" पानं लावणारा ऑपरेटर म्हणाला.

"आदी रिपोर्ट," तो म्हणाला. "मंग रडगाणं."

हे त्याचं रोजचं वाक्य होतं.

सतरा वर्षं लष्करात संदेशवहनाचं काम करून तो निवृत्त झाला होता. वय सदतीस. बीडला एका क्लासमध्ये तो नेटवर्किंग शिकत होता आणि अर्धा दिवस आमच्याकडे संगणकांची देखभाल करत होता. क्लासमधल्या सरांचं वय चोवीस. ते वर्गात आले की हा ताडकन उभा राहायचा.

"काका, बसा हो," सर अवघडून म्हणायचे.

"तुमी उभे हाय, सर. मी कसा बसू?"

शेवटी सरांनीच खुर्ची आणून बसून शिकवायला सुरुवात केली.

त्याचं गाव शिरूर कासार तालुक्यात. आई-वडील ऊसतोडीला जायचे, त्यामुळे त्याचं लहानपण निम्मं साखर कारखान्यांच्या तळावर गेलं. पुढचं आयुष्य लष्करात. घरी असायचा तो सुट्टीपुरताच. मुलगी आता नववीत होती. "पोरगी मला अजून पाव्हणाच समजती," तो एकदा चहा पिताना म्हणाला. "मी घरात शिरलो की खुर्ची पुढं करती." त्याला घरात बसून करता येईल असं काम हवं होतं. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचे संगणक गावातून सांभाळता येतात, हे कळल्यावर त्याने क्लास लावला होता.

त्याच्या नोकरीच्या मुलाखती आमच्या बैठकीच्या खोलीत, पडद्यावर व्हायच्या. दार नीट लागत नसे, त्यामुळे बाहेर बसून मला सगळं ऐकू यायचं. पहिल्या दोन सारख्याच झाल्या.

"सतरा वर्षांत नेमकं काय केलं?"

"ड्यूटी."

"कोणती यंत्रणा हाताळली?"

"ते सांगायची परवानगी नाही."

"कुठे होता?"

"उत्तरेकडं."

दोन्हीकडून नकार आले. थोडं मोघम सांगायला काय हरकत आहे, असं मी त्याला विचारलं. "मोघम कुठं संपतं, ते मला ठरवता येत न्हाई," तो म्हणाला.

तिसऱ्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी विचारलं, "तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा." तो लगबगीने बाहेर आला, टेबलावरची वही उचलली आणि आत जाऊन सोमवारची नोंद शब्दशः वाचून दाखवली. सतरा वर्षांबद्दल त्याला बोलता येत नव्हतं. या पन्नास मिनिटांबद्दल तो वीस मिनिटं बोलला.

"तुम्ही वायर काढली तेव्हा कोणी बघत होतं?" बाईंनी विचारलं.

"कोणी नाही, मॅडम."

आठवड्याने निवड झाल्याचं कळलं. काम घरून. ऑपरेटरने भजी मागवली. कंपनीचा एक अर्ज भरायचा राहिला होता. त्यात एक प्रश्न होता: घरची इंटरनेट जोडणी कामाच्या वेळेत अखंड चालते का?

तो सुट्टी काढून सात दिवस गावी बसला आणि जोडणी कधी तुटते ते लिहून घेतलं. वीज गेली की ती तुटत होती. सातपैकी पाच दिवस, दुपारी, कधी अर्धा तास, कधी दोन तास. बॅटरी बसवून पाहिली. घरातलं इंटरनेटचं यंत्र चालू राहायचं, पण गावातला टॉवर बंद पडायचा.

"हो लिही बे," ऑपरेटर म्हणाला. "समदे होच लिहितात." मीही तेच सुचवलं.

तेवढ्यात त्याच्या पत्नीचा फोन आला. त्याने तो टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला.

"तुमाला घरी राहायचं हाय का न्हाई?"

"हाय की."

"मंग न्हाई कावून लिहिता? कोण बगायला येतंय हितं?"

"काम बंद पडलं तर त्यांच्यापाशी काय सांगू? मला ठाव होतं म्हणू?"

मग ती म्हणाली, "पोरीला तुमीच सांगा," आणि फोन ठेवला.

त्याने 'नाही' लिहिलं आणि सात दिवसांच्या नोंदी जोडल्या. बीडला खोली घेऊन तिथून काम केलं तर चालेल का, हेही माझ्या सांगण्यावरून विचारलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. निवड कायम होती. बीडची खोली चालणार नव्हती. गावची जोडणी सुधारेपर्यंत पुण्याच्या कार्यालयात हजर राहायचं होतं. त्याने ते दोनदा वाचलं आणि रुजू होण्याची तारीख बरोबर वाचली का, याची मला विचारून खात्री करून घेतली.

तो पुण्याला गेला त्या रविवारी मी एका बातमीसाठी शिरूर कासारला होतो. स्थानकावर तो, त्याची पत्नी आणि मुलगी उभे होते. एसटी लागली. मुलीने त्याची पिशवी वर नेऊन ठेवली, खाली उतरली आणि त्याच्या खिडकीखाली येऊन उभी राहिली. दोघं काहीतरी बोलत होते. गाडीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

गाडी साडेसातला सुटली. पावणेआठपर्यंत माय-लेकी तिथेच उभ्या होत्या, मग गावाकडच्या जीपमध्ये बसल्या.